पिकअपची पायरी: बाजारातली रेडिमेड घ्यायची, की कंपनीची घेऊन आपल्या कामाप्रमाणे बदलून घ्यायची?



गाडी कुठली घ्यायची, लोन किती वर्षांचं करायचं, डिझेल की सीएनजी, यावर आपण तासन्‌तास बोलतो. पण गाडी दारात उभी राहिली की तिच्यावर चढायचं कसं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. शोरूममधून गाडी आणायची, रस्त्यात एखाद्या ॲक्सेसरीजच्या दुकानात थांबायचं, चकचकीत दिसेल ती फूटस्टेप बसवायची आणि घरी जाऊन पेढे वाटायचे. झालं!

आता जरा विचार करा. तुमची एकच गाडी आहे. ती तुम्हीच चालवता, किंवा एक ड्रायव्हर आणि एक हेल्पर आहे. पावसात ओल्या पाइपवरून पाय सटकला, घोटा मुरगळला आणि माणूस तीन आठवडे घरी बसला. गाडीचा हप्ता थांबतो का? नाही. गिऱ्हाईक थांबतं का? पहिले दोन दिवस थांबेल, तिसऱ्या दिवशी दुसऱ्याला फोन करेल. म्हणजे काही हजारांच्या पायरीवर काही लाखांचा धंदा उभा असतो. म्हणून पायरी ही शोभेची वस्तू समजू नका. ती कामाचं हत्यार आहे. हत्यार निवडताना आपण जे प्रश्न विचारतो, तेच इथे विचारायचे.

व्हिडिओमध्ये वेळ कमी पडतो, म्हणून इथे सगळं सविस्तर देतोय. मोजमापं आणि हिशोब वहीत उतरवून घ्या.

दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी मोजा

पहिली गोष्ट: दिवसातून पायरीवर पाय किती वेळा पडतो? पाण्याचे जार, दूध, बेकरी, किराणा, कुरिअर अशा कामात दिवसाला ४० थांबे सहज होतात. प्रत्येक थांब्याला एकदा उतरणं आणि एकदा चढणं, म्हणजे ८० वेळा. महिन्याचे २५ दिवस धरले तर २,००० वेळा आणि वर्षाला २४,००० वेळा. याउलट नाशिकहून द्राक्षाचे क्रेट भरून थेट वाशीच्या मार्केटला जाणाऱ्या गाडीत ड्रायव्हर दिवसातून दहा वेळाही चढ-उतार करत नाही. या दोन गाड्यांना एकच पायरी कशी चालेल?

दुसरी गोष्ट: पाय कुणाचा आहे? तुमचा २५ वर्षांचा हेल्पर उडी मारून हौद्यात जाईल. पण ५० वर्षांच्या काकांचे गुडघे रोज ८० उड्या सहन करत नाहीत. बचत गटाच्या ताई गाडीवर माल लावत असतील, तर साडीत चढता येईल अशी उंची आणि धरायला दांडा हवा. पायात चप्पल असते की सेफ्टी शूज, हेसुद्धा बघा.

तिसरी गोष्ट: चढायचं कुठे आहे? केबिनमध्ये की हौद्यात? बरेच जण केबिनच्या दाराखाली छान पायरी लावतात आणि प्रत्यक्षात दिवसभर माणूस मागून, फाळका उघडून, टायरवर पाय देऊन चढत असतो. टायर गोल असतो, चिखलाने माखलेला असतो आणि गाडी जराशी हलली तर फिरतो. तुमची चढ-उतार मागून होत असेल, तर पहिला पैसा मागच्या पायरीवर घाला. पुढची नंतर बघू.

एक दिवस हेल्परच्या शेजारी उभं राहून हे नुसतं मोजा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

तुमच्यासमोर पर्याय कोणते?

पहिला पर्याय बाजारातली रेडिमेड पायरी. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, नाहीतर तुमच्या तालुक्याच्या गावातलं ॲक्सेसरीजचं दुकान. गाडीचं मॉडेल सांगा, दुकानदार जोडी काढून देतो आणि तास-दोन तासांत बसवूनही देतो.

दुसरा पर्याय कंपनीची पायरी. शोरूममध्ये जेन्युइन ॲक्सेसरी म्हणून मिळते ती. काही मॉडेलला आधीपासून एक छोटी पायरी असतेच.

तिसरा पर्याय म्हणजे कंपनीची पायरी मूळ धरायची आणि चांगल्या फॅब्रिकेटरकडून ती आपल्या कामाप्रमाणे सुधारून घ्यायची. वर रुंद प्लेट, चांगली पकड, थोडी खाली आणलेली उंची, मागे जुळणारी दुसरी पायरी. खरी तुलना पहिल्या आणि तिसऱ्या पर्यायात होते, कारण नुसती कंपनीची पायरी बहुतेक वेळा ड्रायव्हरचा विचार करून बनवलेली असते, दिवसभर माल चढवणाऱ्याचा नाही.

बाजारातली पायरी: कुठे जमते, कुठे फसते

फायदे सरळ आहेत. स्वस्त, लगेच मिळते, आवडली नाही तर काढून दुसरी लावता येते. दिवसाला आठ-दहा वेळा चढ-उतार असेल, तर यापुढे जायची गरजही नाही.

पण घेताना चार गोष्टी तपासा.

*आकार.* बऱ्याच रेडिमेड पायऱ्या म्हणजे लांबलचक गोल पाइप असतो आणि त्यावर दोन प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. दिसायला भारी! पण दोन इंची पाइपवर जेमतेम ५ सेंटिमीटर जागा मिळते आणि तीही गोल. पावसाळ्यात त्यावर चिखलाचा बूट ठेवून बघा. रोजच्या कामाला सपाट प्लेट हवी आणि तिची खोली किमान १२ ते १५ सेंटिमीटर हवी, म्हणजे बुटाचा पुढचा अर्धा भाग पूर्ण टेकतो.

*जाडी.* पाइप बाहेरून सारखाच दिसतो, आत किती पत्रा आहे ते दिसत नाही. मग काय करायचं? वजन करायचं. दोन इंची लोखंडी पाइपची जाडी २ मिलिमीटर असेल, तर त्याचं वजन मीटरला साधारण २.४ किलो भरतं. जाडी १.२ मिलिमीटर असेल तर साधारण दीड किलोच. दीड मीटरच्या पाइपमध्ये हा फरक जवळजवळ सव्वा-दीड किलोचा होतो, हातात घेतल्यावर कळतो. एक साधा ताणकाटा जवळ ठेवा. दुकानदार जाडी काहीही सांगो, काटा खरं बोलतो.

*स्टील.* "साहेब, एसएस आहे, गंजणार नाही." हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकाल. एसएसमध्येही प्रकार आहेत. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ ग्रेडमध्ये निकेल कमी असतं, म्हणून ती स्वस्त पडते आणि खाऱ्या हवेत लवकर डाग धरते. काही दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात आणि म्हणतात, बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४. या दाखवण्यावर जाऊ नका, कारण २०२ लासुद्धा चुंबक सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून मागा. लिहून देत नसेल तर ३०४ चे पैसे देऊ नका. रत्नागिरी, मालवण, अलिबाग पट्ट्यात मासळीच्या कामाला गाडी असेल, तर हा मुद्दा सगळ्यात वरचा. बर्फाचं खारं पाणी रोज त्याच पायरीवर ठिबकत असतं.

*ब्रॅकेट.* पायरी तुटते ती बहुधा मधून नाही, ब्रॅकेटच्या वेल्डपाशी तुटते. ब्रॅकेट चॅसिसच्या तयार छिद्रांवर बसतोय का ते बघा. बसत नसेल आणि दुकानातला मुलगा ड्रिल मशीन काढत असेल, तर तिथेच थांबवा. आणि पातळ पत्र्याच्या केबिनला स्क्रूने लटकवलेली पायरी रोजच्या कामाची नाही, हे पक्कं.

कंपनीची पायरी घेऊन बदलणं: काय करावं, काय करू नये

कंपनीच्या पायरीचा मोठा फायदा तिच्या ब्रॅकेटमध्ये आहे. तो त्याच गाडीच्या चॅसिससाठी बनलेला असतो. छिद्रं जुळतात, डिझेलची टाकी, सायलेन्सर, वायरिंग यांना अडथळा होत नाही. म्हणून सूत्र सोपं ठेवा: जे चॅसिसला लागतं ते कंपनीचं, जिथे पाय लागतो ते आपलं.

बिनधास्त करून घ्या असे बदल: मूळ पायरीवर बोल्टने चेकर्ड प्लेट बसवणं, प्लेटची रुंदी वाढवणं, पाणी-चिखल खाली पडेल अशी भोकं असलेली जाळीदार प्लेट लावणं, कडेला पिवळी पट्टी मारणं म्हणजे पहाटेच्या अंधारात कड दिसते, आणि केबिनला किंवा हौद्याला धरायचा मजबूत दांडा देणं. दांडा विसरू नका. चढताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन अवयव कायम टेकलेले हवेत. हात धरायलाच काही नसेल, तर पायरी कितीही चांगली असो, माणूस पडतो.

न करायचे बदल दोनच, पण महत्त्वाचे.

पहिला, चॅसिसला वेल्डिंग नको. चॅसिसचं पोलाद वजन पेलण्यासाठी खास निवडलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागची ताकद बदलते आणि पुढे भरलेल्या गाडीत तिथूनच तडा जायला लागतो. शिवाय एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्स भरपूर आहे. गाडीवर कुठेही वेल्डिंग करायची वेळ आलीच, तर कंपनीच्या माणसाला विचारून आणि बॅटरीच्या वायरी काढूनच. त्यापेक्षा उत्तम म्हणजे पायरी खाली काढायची, टेबलावर वेल्ड करायची, रंगवायची आणि परत बोल्टने बसवायची.

दुसरा, चॅसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला नवं छिद्र नको. सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो. जी छिद्रं आहेत तीच वापरा.

उंची आणि ताकद: टेप घ्या आणि मोजा

घराच्या जिन्याची पायरी साधारण १५ ते १९ सेंटिमीटर उंच असते. गाडीत तेवढी सोय होत नाही, पण एक टप्पा ३५-४० सेंटिमीटरच्या वर गेला की गुडघ्यावर जोर येतो. नियम असा ठेवा: जमिनीपासून जिथे चढायचंय तिथपर्यंतची उंची मोजा आणि तिचे सारखे भाग करा. समजा हौद्याची उंची ८० सेंटिमीटर आहे, तर एक पायरी ४० वर. ९० च्या वर असेल तर दोन पायऱ्या. पहिली पायरी उंच आणि दुसरी ठेंगणी असेल, तर पाय चुकतोच. आणि हे माप गाडी रिकामी असताना घ्या, कारण माल उतरवल्यावर स्प्रिंग वर येतात आणि उंची वाढते.

पण पायरी फार खालीही आणू नका. शेताचा बांध, खडीचा रस्ता, गावातले स्पीडब्रेकर! गाडीखालच्या सगळ्यात खालच्या भागापेक्षा पायरी खाली लोंबत असेल, तर पहिल्याच महिन्यात ठोकर बसेल. खाली आणायचीच असेल, तर दुमडणारी पायरी करून घ्या.

ताकदीचा हिशोब असा. माणूस ८० किलो, हातात ३० किलोचा क्रेट, झाले ११० किलो. तो घाईत धाडकन पाय टाकतो तेव्हा पायरीवर याच्या दुप्पट जोर सहज येतो. म्हणून एका पायरीने २०० ते २५० किलो न वाकता झेललं पाहिजे. तपासणी सोपी आहे. दोन जण एकदम पायरीच्या बाहेरच्या कडेवर उभे राहा आणि हळूच झोके द्या. पायरी वाकली, कुरकुरली किंवा ब्रॅकेट हललं तर पैसे देऊ नका.

कायदा, पासिंग, वॉरंटी, विमा

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण सोडू नका.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवर नोंदलेली आणि कंपनीने मूळ दिलेली माहिती बदलेल असा फेरफार मालकाला परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए खाली नियमाबाहेरच्या प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. बंपरपुढे लावायच्या बुल बारवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितलं, तेही याच कलमाच्या आधारे. म्हणून पायरी करून घेताना ती हौद्याच्या बाहेरच्या रेषेच्या आत ठेवा. बाजूला बाहेर आलेली पायरी म्हणजे रुंदी वाढली आणि अरुंद गल्लीत दुचाकीवाल्याच्या पायाला धोका झाला. मागची पायरी नंबर प्लेट, टेल लॅम्प आणि रिफ्लेक्टिव्ह टेप झाकत नाही ना, हे दहा फुटांवर उभं राहून बघा. काही मोठा बदल करणार असाल, तर आधी आरटीओत विचारा.

माल वाहतुकीच्या गाडीला फिटनेस लागतं. नव्या गाडीला पहिली दोन वर्षं, मग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग. पासिंगच्या आदल्या रात्री पायरी काढायची आणि दुसऱ्या दिवशी परत लावायची, असले उद्योग नको. जे पासिंगला दाखवायची लाज वाटते, ते मुळात लावूच नये.

वॉरंटीचं पुस्तक उघडा. बाहेरच्या फिटिंगमुळे किंवा फेरफारामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जात नाही, अशी अट त्यात सहसा असते. म्हणून कंपनीची पायरी शोरूममधूनच बसवून घ्या आणि जॉब कार्डवर नोंद करून घ्या. वरची प्लेट मग बाहेर केली तरी चॅसिसला हात लागलेला नाही, हे दाखवता येतं.

विम्याचंही तसंच. बाहेरून बसवलेली वस्तू पॉलिसीत सांगितलेली नसेल, तर अपघातात तिचे पैसे मिळायची आशा धरू नका. त्याहून महत्त्वाचं, ड्रायव्हर आणि हेल्पर या दोघांचं कव्हर पॉलिसीत आहे का ते एजंटला आजच विचारा. कामावर असताना कामगाराला इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते आणि गाडी एकच असली तरी मालक तुम्हीच असता.

आता पैशाचं गणित

खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गावचे भाव टाकून तुम्ही परत करा, पद्धत महत्त्वाची.

समजा बाजारातली जोडी ४,५०० रुपयांना मिळते. कंपनीची जोडी ८,००० आणि तिच्यावर बदलाचे ४,०००, म्हणजे १२,०००. तुमची गाडी अर्धा दिवस उभी राहिली तर १,२०० रुपयांची कमाई बुडते. हिशोब पाच वर्षांचा.

*जास्त चढ-उतार, दिवसाला ८० वेळा.* समजा बाजारातली पायरी या वापरात दीड वर्ष टिकते. पाच वर्षांत चार जोड्या लागतील, त्यांचे १८,००० रुपये. बसवायला चार वेळा अर्धा-अर्धा दिवस, त्याचे ४,८००. एकूण २२,८००. बदलून घेतलेली पायरी पाच वर्षं चालते असं धरू. १२,००० आणि सुरुवातीला एक पूर्ण दिवस गाडी उभी, त्याचे २,४००. मध्ये एकदा रंग आणि बोल्ट बदलायला १,५०० आणि अर्ध्या दिवसाचे १,२००. एकूण १७,१००. पाच वर्षांत पाय पडले १,२०,००० वेळा. म्हणजे बाजारातली पायरी दर पावलाला १९ पैसे आणि बदललेली साधारण १४ पैसे.

*कमी चढ-उतार, दिवसाला १० वेळा.* इथे बाजारातली एकच जोडी पाच वर्षं जाईल. ४,५०० अधिक १,२००, म्हणजे ५,७००. बदललेली पायरी १४,४०० ला पडेल. पावलं १५,०००. दर पावलाला ३८ पैसे विरुद्ध ९६ पैसे.

बघा, तीच पायरी एका धंद्यात स्वस्त आणि दुसऱ्या धंद्यात महाग! "चांगली कुठली" हा प्रश्नच अपुरा आहे. "माझ्या पावलांना कुठली परवडते" हा प्रश्न विचारा. आणि या गणितात मुरगळलेला घोटा धरलेलाच नाही. तो धरला, तर जास्त वापराच्या गाडीत तराजू आणखी एका बाजूला झुकतो.

जीएसटीचा एक मुद्दा. सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर १८ टक्के दर आहे. ११,८०० रुपयांच्या बिलात १,८०० रुपये कर असतो. तुम्ही नियमित जीएसटी भरत असाल आणि गाडी मालासाठी वापरत असाल, तर या कराचं क्रेडिट मिळू शकतं. कंपोझिशनमध्ये असाल तर नाही मिळत. वाहतुकीचाच धंदा असेल, तर तुम्ही कुठला दर निवडलाय त्यावर हे ठरतं, सीएला विचारा. पण काहीही असो, पक्कं बिल घ्या. "बिल नको असेल तर पाचशे कमी करतो" या पाचशेच्या मोहात क्रेडिट जातं आणि पायरी तुटली तर भांडायला कागदही राहत नाही.

मग तुम्ही काय घ्यायचं?

लांब पल्ला, कमी थांबे, माल मार्केटचे हमाल उतरवतात: बाजारातली सपाट प्लेटची पायरी, चांगल्या ब्रॅकेटची. बास.

शहरात घरपोच सेवा, जार, दूध, किराणा, सिलिंडर: कंपनीची पायरी बदल करून, मागची पायरी आणि दांडा सक्तीचा.

मासळी, बर्फ, मीठ, कोकणातलं काम: ३०४ ची प्लेट किंवा गॅल्व्हनाइज्ड लोखंड, जाळीदार. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायची.

वीटभट्टी, वाळू, शेतमाल, कच्चा रस्ता: जाड लोखंडी, दुमडणारी. दिसायला कशीही असो, ठोकर बसली तर कुठल्याही गावात सरळ करता आली पाहिजे.

गाडी दोन वर्षांत विकून मोठी घ्यायचा विचार असेल, तर बोल्टवरची पायरीच घ्या. काढून नव्या गाडीला जुळली तर वाचली, नाहीतर तशीच सोडली तरी दुःख नाही.

फॅब्रिकेटरला तोंडी सांगू नका, कागद द्या

"दादा, जरा मजबूत करा" याचा अर्थ प्रत्येक वेल्डिंगवाला वेगळा काढतो. एका कागदावर लिहा: पायरीची जमिनीपासून उंची, लांबी, खोली, प्लेटचा प्रकार आणि जाडी, चॅसिसला वेल्ड नाही, नवं छिद्र नाही, बोल्टला लॉक नट, कडा घासून गोल, रंगाआधी प्रायमर, काम कधी मिळणार आणि किती पैशात. खाली दोघांची सही. निम्मे पैसे आधी, निम्मे दोन माणसांच्या चाचणीनंतर.

बसवल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत आवळा. गाडीच्या थरथरीने ते सैल होतात. नंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला नजर टाका. वेल्डपाशी रंग बारीक रेषेत फुटलेला दिसला तर समजा आत तडा आहे. आणि हेल्परला एक सवय लावा, उतरताना तोंड गाडीकडे. पाठ करून उडी मारणाऱ्याला कुठलीच पायरी वाचवत नाही.

आणि हो, यात धंदाही आहे

तुमच्यापैकी काही जणांकडे वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे, कुणी आयटीआय करून बाहेर पडलंय. तुमच्या तालुक्यात जास्त विकली जाणारी दोन पिकअप मॉडेलं निवडा. त्यांच्या चॅसिसची तयार छिद्रं मोजा आणि बोल्टने बसणारी प्लेट आणि मागची पायरी यांचा एकच ठरलेला नमुना तयार करा. जिग बनवा, म्हणजे प्रत्येक नग सारखा निघेल. दहा प्रकार करण्यापेक्षा दोनच प्रकार, पण बिलावर पत्र्याची जाडी आणि स्टीलची ग्रेड लिहून द्या. बाजारात बरेच जण जे लिहून देत नाहीत, ते तुम्ही लिहून दिलं की गिऱ्हाईक भाव करायच्या आधी विश्वास ठेवतं. पाणी पुरवणारे, डेअरीवाले, गॅस एजन्सी यांच्याकडे चार-पाच गाड्या एकदम असतात. तिथून सुरुवात करा.

आजचा गृहपाठ

उद्या सकाळी वही आणि टेप घेऊन गाडीपाशी जा. हौद्याची उंची, केबिनची उंची आणि दिवसातली पावलं, हे तीन आकडे लिहा. मग वरचं गणित तुमच्या गावच्या भावाने करा. उत्तर बाजारातली पायरी आलं तरी उत्तम, बदललेली आलं तरी उत्तम. उत्तर तुमच्या वहीतून आलं पाहिजे, दुकानदाराच्या तोंडून नाही.

पुढच्या व्हिडिओत हौद्यावर ताडपत्री की बंद बॉडी, याचा असाच हिशोब करू. तोपर्यंत सांभाळून चढा, सांभाळून उतरा आणि धंदा वाढवत राहा.